नर्सिंग की सार्वजनिक आरोग्य? बारावीनंतरचा प्रश्न आधी नीट मांडूया



बारावीचा निकाल लागला की आमच्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या स्टाफरूममध्ये पालकांची ये-जा सुरू होते. "मॅडम, नीटमध्ये काही जमलं नाही, आता पोरीला नर्सिंगला टाकू का?" हा प्रश्न दरवर्षी ठरलेला. कोरोनानंतर त्याला एक जोडप्रश्न आला आहे. "पब्लिक हेल्थ म्हणून काहीतरी असतं म्हणे. ते बरं, का नर्सिंग बरं?"

मी जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे हा प्रश्न बहुतेक माझ्याच टेबलावर येतो. माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकते. आरोग्यक्षेत्रात काम करायची मनापासून इच्छा असलेल्या आपल्या बहुतेक मुलामुलींनी आधी नर्सिंग करावं आणि सार्वजनिक आरोग्याकडे त्यानंतर वळावं. हे दोन बरोबरीचे पर्याय आहेत असं समजून आपण मुलांना निवड करायला लावतो, तिथेच गडबड होते. दोन्ही कामं तितकीच मोलाची आहेत, पण बारावीच्या उंबरठ्यावरून पाहिलं तर ती एकाच पायरीवर नाहीत. याला अपवाद आहेत, तेही पुढे सांगते.

दोन्ही कामांत फरक काय?

व्याख्या सांगण्यापेक्षा आपल्या जवळचं उदाहरण घेऊ. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता परिसरात गुइलेन बॅरे सिंड्रोम म्हणजे जीबीएसचे रुग्ण अचानक वाढले. नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी ही नावं रोज बातम्यांत होती. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर हल्ला करते. पायातली ताकद जाते, मग हातातली, आणि काही रुग्णांना श्वास घेणंही जमत नाही.

आता त्या दिवसांत दोन ठिकाणी काय काम चाललं होतं ते डोळ्यांपुढे आणा. एक ठिकाण म्हणजे अतिदक्षता विभाग. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला स्वतःहून कूसही बदलता येत नाही. त्याला ठराविक वेळाने वळवायचं, पाठीला जखमा होऊ द्यायच्या नाहीत, श्वासनलिकेतला कफ यंत्राने ओढून घ्यायचा, नाडी आणि रक्तदाब बघत राहायचं. बोलता येत नसलेल्या त्या माणसाच्या डोळ्यांतली भीती ओळखायची आणि बाहेर बसलेल्या नातेवाइकांना धीर द्यायचा. हे नर्सिंग.

दुसरं ठिकाण म्हणजे त्या परिसरातल्या गल्ल्या आणि सोसायट्या. आरोग्य कर्मचारी घरोघर विचारत होते, कोणाला जुलाब झाले होते का, हातापायात अशक्तपणा आहे का, पाणी कुठून येतं. पाण्याचे नमुने घेतले जात होते. रुग्णांचे नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेत जात होते आणि काहींमध्ये कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जिवाणू सापडत होता. रुग्ण कुठे राहतात आणि पाणी कोणतं पितात, याचा मेळ घातला जात होता. हे सार्वजनिक आरोग्य.

पहिल्या ठिकाणची सिस्टर कितीही कुशल असली तरी उद्याचा नवा रुग्ण तिला थांबवता येत नाही. दुसऱ्या ठिकाणचा कर्मचारी कितीही हुशार असला तरी आज व्हेंटिलेटरवर असलेल्या माणसाला त्याचा थेट उपयोग नाही. एकासमोर माणूस असतो, दुसऱ्यासमोर वस्ती. मुलाला समजावताना एवढं सांगितलं तरी पुष्कळ होतं.

आपण शिक्षकांनी तर दुसरं काम थोडंफार केलेलंही आहे. पल्स पोलिओच्या रविवारी आपल्याच शाळांत बूथ लागायचे. कोरोनात आपल्यापैकी कितीतरी जण ऑक्सिमीटर आणि तापमापक घेऊन घरोघर सर्वेक्षणाला फिरले. पोलिओचा देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला आणि मार्च २०१४ मध्ये आपल्या भागाला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. आज आपल्या वर्गात पोलिओमुळे लंगडणारं मूल दिसत नाही, पण त्याबद्दल कोणी कोणाचे आभार मानत नाही. सार्वजनिक आरोग्याचं काम असंच असतं. ते यशस्वी झालं की दिसेनासं होतं. बरा झालेला रुग्ण सिस्टरचा हात हातात घेऊन "ताई, तुमच्यामुळे वाचलो" म्हणतो. न झालेल्या आजारासाठी असं कोणी म्हणत नाही. हे चालेल का, हेही मुलाला विचारायला हवं.

ही भिंत तितकी पक्की नाही

नर्सिंग म्हटलं की फ्लॉरेन्स नाइटिंगेल आणि तिचा दिवा आपण शिकवतोच. पण अर्धीच गोष्ट शिकवतो. १८५४ मध्ये ती ३८ परिचारिकांना घेऊन क्रिमियन युद्धातल्या सैनिकांच्या रुग्णालयात गेली. तिथे जखमांपेक्षा कॉलरा, हगवण, टायफॉइड अशा रोगांनी जास्त सैनिक मरत होते. गटारं साफ झाली, पाणी आणि हवा सुधारली, तसे मृत्यू कमी झाले. युद्धानंतर तिने आकडेवारी मांडली आणि १८५८ मध्ये रंगीत आकृत्यांतून सरकारला दाखवून दिलं की हे मृत्यू टाळता आले असते. १८६० मध्ये लंडनमध्ये परिचारिकांचं विद्यालय तिच्या नावाने सुरू झालं. भारतात ती कधी आली नाही, पण इथल्या स्वच्छतेच्या प्रश्नावर तिने वर्षानुवर्षं लिहिलं. म्हणजे जिला आपण नर्सिंगची आई म्हणतो ती सार्वजनिक आरोग्याचीही होतीच.

आपल्याकडे सावित्रीबाई आहेत. १८९७ च्या प्लेगमध्ये डॉक्टर असलेल्या यशवंतरावांसोबत त्यांनी रुग्णांची सेवा केली आणि त्यातच प्लेग होऊन १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. आपल्या पहिल्या शिक्षिकेचा शेवट रुग्णसेवेत झाला, हे नर्सिंगला कमी लेखणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने लक्षात ठेवावं.

आता क्रमाचा मुद्दा. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केलं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत 'सर्च' सुरू केली. दोन्ही जोडपी आधी डॉक्टर झाली, रुग्ण तपासले, आणि मग अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकून परत आली. गडचिरोलीत गावातल्याच बायकांना नवजात बाळाचं वजन करणं, त्याला उबदार ठेवणं, श्वास मोजणं, जंतुसंसर्ग ओळखणं शिकवलं. बाळांचे मृत्यू किती कमी झाले ते १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात छापून आलं, आणि पुढे घरच्या घरी नवजात बाळाची काळजी हा देशाचा कार्यक्रम झाला. आधी बाळ हातात घेता आलं, मग गावाचा हिशेब मांडता आला.

"ते सगळे डॉक्टर होते," असं कोणी म्हणेल. मग शांती तेरेसा लाक्रा यांचं नाव सांगा. अंदमानातल्या ओंगे आदिवासींमध्ये वर्षानुवर्षं काम केलेल्या या एएनएम. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या कामातलं नर्सिंग कुठे संपलं आणि सार्वजनिक आरोग्य कुठे सुरू झालं, हे वेगळं करून दाखवता येणार नाही.

बारावीनंतर दारं कोणती उघडतात?

नर्सिंगची दारं स्पष्ट आहेत. एएनएम दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे आणि जीएनएम तीन वर्षांची पदविका आहे. या दोन्हींना कला शाखेची मुलंही जाऊ शकतात. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं, त्याला बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागतं, शिवाय आपल्या राज्यात प्रवेश परीक्षाही असते. शिक्षण झालं की महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी होते. ही नोंदणी फार महत्त्वाची. हा कागद हातात असलेली मुलगी चंद्रपूर, मुंबई, दिल्ली कुठेही गेली तरी तिला नोकरीसाठी ओळख लागत नाही.

सार्वजनिक आरोग्याचं मुख्य दार मात्र पदवीनंतर उघडतं. एमपीएच ही दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी. मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्था आणि पुण्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ इथे ती आहे. बारावीनंतर लगेच करायचे या विषयातले पदवी अभ्यासक्रम आपल्याकडे मोजके, आणि त्यांच्या पदवीवर नर्सिंगसारखी परिषदेची नोंदणी मिळत नाही. त्यामुळे सतराव्या वर्षी "मी पब्लिक हेल्थ निवडलं" असं म्हणणाऱ्या मुलाने खरं तर अजून काहीच निवडलेलं नसतं. मधली तीन-चार वर्षं कशात घालवायची, हा त्याच्यापुढचा खरा प्रश्न असतो.

त्या तीन-चार वर्षांसाठी बी.एस्सी. नर्सिंगइतकं चांगलं उत्तर मला तरी दिसत नाही. त्या अभ्यासक्रमात सामुदायिक आरोग्य परिचर्या हा विषयच आहे, गावात आणि वस्तीत जाऊन कामही करावं लागतं. पुढे एमपीएच करता येतं. ते नाही जमलं तरी पोटापाण्याची सोय आहे. समुदाय आरोग्य अधिकारी, म्हणजे सीएचओ, हे पद तर या दोन्ही कामांच्या मधोमध आहे. उपकेंद्रात बसून रुग्ण तपासायचे आणि त्याच गावातल्या रक्तदाब-मधुमेहाच्या रुग्णांची, गरोदर मातांची, बाळांच्या लसीकरणाची नोंद ठेवायची. सपाट भागात सुमारे पाच हजार आणि आदिवासी-डोंगराळ भागात तीन हजार लोकसंख्येला एक उपकेंद्र, असा नियम आहे. मेळघाट, नंदुरबार, जव्हार-मोखाडा इथल्या उपकेंद्रात अशी एक चांगली नर्स असणं म्हणजे काय, हे तिथल्या आईला विचारावं.

एक गोष्ट पालकांनी जरूर लक्षात ठेवावी. जीएनएम ही पदविका आहे, पदवी नाही. जीएनएमनंतर एमपीएच करायचं असेल तर आधी दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग करून पदवी मिळवावी लागते. ज्या मुलीला पुढे सार्वजनिक आरोग्यात जायचंय आणि गुण पुरेसे आहेत, तिने शक्यतो सरळ बी.एस्सी.लाच जावं.

कोणासाठी हा सल्ला नाही?

रक्त पाहून चक्कर येणं हे कारण मी फारसं धरत नाही, ती सवयीने जाते. पण काही मुलांना आजारी माणसाजवळ तासन् तास थांबणं खरोखर सोसत नाही. त्यांना दोष देऊ नये आणि ढकलूही नये. मन नसलेली नर्स रुग्णाच्या वाट्याला येणं हा रुग्णावरही अन्यायच.

घरातच बघा. आजी आजारी पडली की एक मूल तिच्या उशाशी बसतं, पाणी देतं, औषधाची वेळ लक्षात ठेवतं. दुसरं मूल विचारतं, "आपल्या गल्लीत तिघांना डेंग्यू कसा झाला? कुठे पाणी साचलंय का?" मग तेच गच्चीवरची टाकी बघायला जातं. हे दुसरं मूल गणितात रमणारं असेल, नकाशे-तक्ते आवडणारं असेल, तर त्याने संख्याशास्त्र, अर्थशास्त्र, समाजकार्य किंवा भूगोल यात चांगली पदवी घेऊन मग एमपीएचकडे जावं. मुंबईत देवनारला आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे, तिचाही विचार व्हावा. साथीचा माग काढायला आकडे कळणारी माणसं लागतातच. फक्त या वाटेवर पदवी होईपर्यंत आणि कदाचित त्यानंतरही काही काळ, घरून आधार लागेल, हे आधीच मान्य करून टाकावं.

पैशाचं आणि त्रासाचं खरं बोलूया

सेवा, त्याग वगैरे भाषणात ठीक. घर पगारावर चालतं.

राज्य सरकारी रुग्णालयातल्या अधिपरिचारिकेचं मूळ वेतन सातव्या आयोगानुसार ३५,४०० पासून सुरू होतं. एम्ससारख्या केंद्रीय संस्थेत नर्सिंग ऑफिसरचं ४४,९०० पासून, त्यासाठी नॉरसेट ही परीक्षा असते. सीएचओचं पद कंत्राटी. आपल्या राज्यात २५,००० मानधन आणि कामानुसार १५,००० पर्यंत प्रोत्साहन, अशी रचना ठेवलेली आहे. खाजगीत चित्र वेगळं. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीने २०१६ मध्येच सांगितलं होतं की ५० पेक्षा कमी खाटांच्या खाजगी रुग्णालयातसुद्धा नर्सला महिना २०,००० पेक्षा कमी देऊ नये. आपल्या तालुक्याच्या गावात काय देतात ते एकदा चौकशी करून बघा, मनाला लागतं. त्यात रात्रपाळी, पाठीचं दुखणं, नातेवाइकांची अरेरावी. हे लपवून मुलीला पाठवलं तर पहिल्याच वर्षी ती आपल्यावरचा विश्वास गमावते.

सार्वजनिक आरोग्यातही सगळं गुळगुळीत नाही. बऱ्याच जागा प्रकल्पांवर असतात. प्रकल्प संपला की जागा संपते. गावोगाव फिरणं, अहवाल, बैठका, आणि डॉक्टर नसल्यामुळे मिळणारी दुय्यम वागणूक, हेही असतं. पण अशा वेळी हातात नर्सिंगची नोंदणी असेल तर माणूस रिकामा राहत नाही. माझ्या सल्ल्यामागचं एक मोठं कारण हेच आहे. आपल्याकडे येणारी बरीच मुलं शेतमजुरांची, रिक्षावाल्यांची, धुणीभांडी करणाऱ्या बायकांची आहेत. त्यांना दोन वर्षं घरी बसणं परवडत नाही.

आपण काय करू शकतो?

पहिलं म्हणजे "नर्सिंगला टाकू" हे बोलणं बंद करूया. टाकतात ती वस्तू. नीटमध्ये अपयश आलं म्हणून उरलेली जागा, असं ऐकत वाढलेली मुलगी त्या पांढऱ्या गणवेशात मान खाली घालूनच उभी राहणार. ज्या कामात एका चुकीने जीव जाऊ शकतो ते काम उरल्यासुरल्यांसाठी कसं असेल?

दुसरं, मुलग्यांनाही हा मार्ग सांगूया. रुग्णालयात 'ब्रदर' असतात, आणि त्यांची गरजही असते. तसंच "नर्सचं लग्न जमत नाही", "परक्या पुरुषाला हात लावावा लागतो" असं म्हणणाऱ्या घरांना सांगूया, की त्याच घरातला माणूस रुग्णालयात असताना त्याला हात लावणारी कोणाची तरी मुलगीच असते.

तिसरं, अकरावीतच मुलांना जवळच्या उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन जाऊया. आरोग्यसेविका, सीएचओ, आशाताई यांच्याशी अर्धा तास बोलू द्या. लसीकरणाच्या दिवशी गेलात तर उत्तम. पावसाळ्यात विहिरीत टीसीएल पावडर कशी टाकतात, ओटी टेस्ट कशी करतात, डासअळ्यांसाठी घरोघर भांडी कशी तपासतात, हे बघितलेल्या मुलाला सार्वजनिक आरोग्याची व्याख्या पाठ करावी लागत नाही.

चौथं, प्रवेशाआधी कागद तपासूया. बी.एस्सी. नर्सिंग असेल तर महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्नता, आणि कोणताही नर्सिंग अभ्यासक्रम असला तरी परिचर्या परिषदेची मान्यता आहे का, हे संस्थेच्या जाहिरातीवरून न ठरवता परिषदेच्या यादीत बघावं. "एका वर्षात नर्स, नोकरीची हमी" असे फलक आपल्या बसस्थानकांवर दिसतात. तिथे पैसे आणि वर्ष दोन्ही घालवून बसलेली मुलं आपण पाहिली आहेत. नियम बदलत असतात, म्हणून त्या वर्षीचं माहितीपत्रक मुलासोबत बसून वाचावं. पालकांना वाचता येत नसेल तर आपण वाचून दाखवावं. अर्धा तास जाईल, पण एका घराचं नुकसान वाचेल.

पालकहो, "कोणतं बरं?" हा प्रश्न कोणी विचारला तर लगेच उत्तर देऊ नका. आधी मुलाला विचारा, "तुला माणसाजवळ थांबायला आवडेल, का वस्तीत फिरायला?" ती म्हणाली "दोन्ही", तर घाबरू नका. तिला आधी नर्सिंगच्या दारातून आत जाऊ द्या. चार वर्षांनी पुढची वाट ती स्वतः ठरवेल, आणि तेव्हा तिच्याकडे नोंदणी असेल, थोडी कमाई असेल आणि आजारी माणूस जवळून पाहिल्याचा अनुभव असेल.